वेस्ट कोस्ट ट्रेलच्या राखणदारांना

वेस्ट कोस्ट ट्रेलचे गार्डियन (वाट राखणारी तिथल्या मूळ रहिवाशांतली माणसं) आणि दुरुस्ती पथकातले सर्व,
स. न. वि. वि.

व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरची तुमची 75 किलोमीटरची वाट मी पचीना बेपासून गॉर्डन रिव्हरपर्यंत चालून आलो. त्याबद्दल तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण कॅनडात राहणारी माझी माणसं या वाटेवर येतात आणि ती कोण सांभाळतं हे त्यांनाही कळायला हवं.

2006 च्या नोव्हेंबरात तुमच्याकडे बेसुमार पाऊस झाला. जमीन पाण्यानं फुगली आणि डिसेंबरच्या मध्यावर पॅसिफिकवरून वादळ आलं. हजारो झाडं पडली, पूल मोडले, दरडी कोसळल्या. माझं गाव श्रीवर्धनकडचं. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळानं आमच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, त्यामुळे झाडं पडल्यावर खरं काम कुठून सुरू होतं ते मी पाहिलं आहे. एकावर एक पडलेल्या खोडांत ताण अडकलेला असतो. करवत चुकीच्या जागी चालली तर खोड उसळून अंगावर येतं. उन्मळलेला बुंधा कापला की मुळांचा गड्डा झपकन परत उभा राहतो. तुमच्याकडे तर गाडीरस्ताही नाही, सामान यायचं ते हेलिकॉप्टरनं नाहीतर होडीनं. तरीही 2007 च्या हंगामात लोक पुन्हा या वाटेवर चालत होते.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते वेगळ्याच गोष्टीचे. ही वाट हू-ए-आत, डिटिडाट आणि पाचीडाट या मूळ रहिवाशांच्या तीन राष्ट्रांच्या (फर्स्ट नेशन्सच्या) भूमीतून जाते. तारायंत्राची (टेलिग्राफची) लाइन टाकली गेली 1890 च्या सुमारास. 1906 च्या जानेवारीत ‘व्हॅलेन्सिया’ बोट फुटून शंभराहून अधिक माणसं गेली, त्यानंतर तिथे फुटलेल्या बोटींवरच्या माणसांना वाचवण्यासाठी जीवरक्षक वाट बांधली. या दोन्हींच्या कितीतरी आधीपासून तुमचे लोक इथून व्यापाराला, सोयऱ्यांकडे, मासेमारीला जात होते. जुन्या वस्त्या आहेत, शिंपल्यांचे थर आहेत, साल सोलून घेतल्याच्या खुणा अंगावर असलेले सीडर आहेत. अशा ठिकाणी एखादं झाड उन्मळलं की त्याच्या मुळांबरोबर पूर्वजांची जमीनही उघडी पडते. वाट कुठून मोकळी करायची आणि कुठल्या जागेला हात लावायचा नाही, हे तिथल्याच माणसाला कळतं. राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेच्या कर्मचाऱ्यांबरोबर तुम्ही गार्डियन उभे असता, ते यासाठी फार मोलाचं वाटतं.

पचीना बेला तंबू ठोकताना माझ्या मनात 26 जानेवारी 1700 ची रात्र होती. भूकंपानंतर समुद्र आत आला आणि तिथलं गाव घेऊन गेला. हू-ए-आत लोकांनी ती हकिकत तोंडोतोंडी जपली. एवढं सोसलेल्या लोकांनी आपला किनारा आमच्यासारख्या परक्यांना चालायला खुला ठेवावा, हे औदार्य लहान नाही.

चालताना तुमचे हात जागोजागी भेटले: ओल्या कड्यांवरच्या उंच शिड्या, नदीवरचे दोरावर ओढायचे पाळणे, चिखलावरून नेणाऱ्या फळ्या. निटिनाटच्या अरुंद खाडीत तर तुमच्या होडीशिवाय पुढे जाताच येत नाही. दर हिवाळ्यात यातलं काहीतरी मोडतं आणि मे महिन्यात वाट उघडायच्या आत तुम्ही ते पुन्हा उभं करता.

इथे येणाऱ्या मराठी मंडळींना मी सांगतो आहे: गार्डियन म्हणतील तिथेच मुक्काम करा, या राष्ट्रांच्या राखीव जमिनीवर पाऊल टाकू नका, किनाऱ्यावरचं काही खिशात घालू नका.

तुम्हा सर्वांना तुमच्याच शब्दांत क्लेको, क्लेको. मनापासून आभार.

आपला ऋणी,
व्हँकुव्हरला राहणारा एक कोकणी माणूस