वडिलांच्या कागदांची फाटाफूट थांबवा: उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

माझे वडील भूजलाचे अभ्यासक होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या वह्या, नकाशे आणि पत्रव्यवहार आम्ही विदर्भातील एका विद्यापीठाकडे सोपवला. सूची करू, वडिलांनी लावलेला क्रम मोडणार नाही आणि अभ्यासकांना कागद पाहू देऊ, असे लेखी आश्वासन मिळाले होते. गेल्या आठवड्यात पाहिले तेव्हा सूचीचा पत्ता नव्हता. वह्या एका विभागाच्या कपाटात होत्या आणि पत्रे ‘खासगी’ असा शेरा मारून जिन्याखाली पोत्यात कोंबली होती. पोत्याला खालून वाळवी लागली होती.

महोदय, ही व्यवस्था नव्हे, नासधूस आहे. १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी नोंदवली. एका विहिरीचे पाणी महिन्याभरात सहा हात खाली गेलेले दिसते. नुसती वही वाचणारा भूजल तेवढे आटले असेच समजेल. प्रत्यक्षात ती विहीर आधीच कोरडी पडली होती आणि मालकाने ती खोल केली, हे त्याच्या पोस्टकार्डावरून कळत होते. वडिलांनी ते त्याच पानाला टाचले होते. आता पानावर टाचणीच्या गंजाचा डाग तेवढा उरला आहे. ‘खासगी’ पत्राविना ‘व्यावसायिक’ नोंद खोटी ठरते, हे विद्यापीठाला मी समजावून सांगायचे का?

पुराभिलेखांचे, म्हणजे जुन्या दप्तरांचे, संचालनालय सांस्कृतिक कार्य विभागाखाली, विद्यापीठे आपल्या विभागाखाली. या दोहोंच्या सांदीत असे कागद कुजतात. नागपुरात विद्यापीठ १९२३ साली आले, १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, येथेच इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी विदर्भाच्या प्राचीन वाकाटक राजघराण्याचे ताम्रपट वाचले. आणि आज येथील प्राध्यापकाच्या घरच्यांनी विश्वासाने दिलेले कागद सांभाळायला प्रशिक्षित माणूस मिळत नाही. इमारतींना निधी मिळतो, त्यांत काय ठेवायचे याचा विचार कोणी करत नाही. नागपूर करारामुळे दरवर्षी विधिमंडळाचे अधिवेशन येथे भरते, पण त्यात या विषयाला कोण विचारतो?

प्रत्येक विद्यापीठात अभिलेखपालाचे पद भरावे, मिळालेल्या संग्रहांची सूची जाहीर करावी आणि देणाऱ्याला न विचारता कोणताही संग्रह फोडू नये, असा शासन निर्णय काढावा. पोती मात्र पावसाळ्यापूर्वीच जिन्याखालून हलवायला हवीत; त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही, आपला एक फोन पुरेल.

आपली,
एका प्राध्यापकाची मुलगी, नागपूर