त्या इलेक्ट्रिशियनला परत बोलवा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही चिडला होतात, म्हणून तेव्हा वाद घातला नाही. पंखा दुरुस्त करायला बोलावलेला माणूस बाथरूमचा बोर्ड उघडून बघतो, वायरिंग धोक्याचं आहे म्हणतो आणि तसं कागदावर लिहून तुमची सही मागतो, हा तुम्हाला आगाऊपणा वाटला. ‘ज्या कामाला बोलावलं तेवढं करावं,’ असं तुम्ही म्हणालात. मीही हेच काम करते आणि मला अगदी उलटं वाटतं. बघूनही तो गप्प बसला असता, तर मी त्याला दोष दिला असता.

आईने सहज सांगितलं की नळाला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात, आणि तेवढ्यावरून त्याने गीझरचा सॉकेट उघडला. आत अर्थिंगची पिन, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी, न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, जोडलेली निघाली. अर्थिंगची वेगळी तार ओढायला नको म्हणून कधीतरी कोणीतरी केलेली ही चलाखी. न्यूट्रल शाबूत आहे तोवर गीझर नीट चालतो. फार तर लोड आला की त्या न्यूट्रलवर थोडे व्होल्ट चढतात आणि ओल्या हाताला जाणवतात. पण मागे कुठे न्यूट्रलचा जॉइंट सुटला, तर फेज, म्हणजे जिवंत तारेचा दाब, गीझरच्या कॉइलमधून फिरून थेट त्याच्या पत्र्यावर आणि तिथून नळावर येतो. पूर्ण 230 व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर अंगातून सुमारे 230 मिलिअँपिअर करंट जाईल. हृदयाची लय बिघडायला त्याच्या निम्माही पुरतो.

‘एमसीबी आहे की,’ असं तुम्ही म्हणालात. बाबा, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा तो स्विच अशा वेळी पडणारच नाही. 32 अँपिअरच्या एमसीबीला पाव अँपिअर कळतही नाही. तो तार जळू नये म्हणून असतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत सप्लाय तोडतो. आपल्या घरात तो बसवलेलाच नाही, आणि तुम्ही फोनवर वाचून दाखवलेल्या त्या कागदावरची दुसरी ओळ हीच आहे.

शिवाय तो एमसीबी 32 चा का, हेही त्याने विचारलं. आधीचा सारखा ट्रिप व्हायचा म्हणून मोठा बसवून घेतला होता, पण तार मात्र दीड स्क्वेअर एमएमचीच राहिली. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. आता तार तापून वरचं प्लास्टिक वितळायला लागलं तरी एमसीबी स्वस्थ बसेल. आधीचा ट्रिप होत होता तो उगाच नाही. लोड जास्त आहे, एवढंच तो सांगत होता.

इतकी वर्षं काही झालं नाही, हे खरं आहे. पण वायरिंग केलं तेव्हा घरात दिवे आणि पंखे होते. तारेचं प्लास्टिक उष्णतेने कडक होऊन तडकतं, आणि सैल जॉइंट तापतो, तापला की आणखी सैल होतो. हे सगळं भिंतीच्या आत चालतं. बाहेरून तुम्हाला दिसणार कसं? ज्याला दिसलं त्यानेच सांगायला हवं.

लोकांना घाबरवून कामं काढणारेही असतात, तुमचा संशय काही हवेतला नाही. पण तसा माणूस ‘सगळंच खराब आहे’ म्हणतो आणि घाई करतो. याने जागा दाखवली, आज काय बंद ठेवायचं आणि काय सावकाश केलं तरी चालेल ते वेगळं लिहिलं, आणि हवं तर दुसऱ्याला दाखवा असंही म्हणाला. तुमच्या परवानगीशिवाय काही बदललं नाही. घर तुमचं, निर्णय तुमचा. सही मागितली ती तुम्हाला सांगितल्याची नोंद म्हणून. मीसुद्धा मागते. घर भाड्याचं असेल तर मालकाला कळवतेच, पण तिथे राहणाऱ्यांनाही सांगते, कारण नळाला हात त्यांचे लागणार असतात. काही जण रागावतात, परत बोलवत नाहीत. तरी सांगते.

आई, गीझर आजपासून बंद ठेव, आणि नुसत्या बटणाने नको, त्याचा एमसीबीच खाली पाड आणि मग प्लगही सॉकेटमधून काढून ठेव. बाबा, त्याला परत बोलवा. आधी अर्थिंगची स्वतंत्र तार, मग आरसीसीबी, मग गीझरसाठी जाड तार आणि तिला साजेसा एमसीबी. काम झालं की आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण तुमच्यासमोर दाबून दाखवायला सांगा. लगेच पडला पाहिजे. तोवर त्या कागदाचा फोटो पाठवा, मी वाचून त्याच्याशी बोलून घेते.

तुमची लेक