फिशटँक बंद करताय? मग तलावाकडे जाऊ नका

मा. संपादक,

घरातला फिशटँक बंद केला की मासे, कासव, ती हिरवी पानं सगळं जवळच्या तलावात नेऊन सोडायचं आणि वर फोटो टाकायचा, 'बिचारे मोकळे झाले'. खाली लाईक्सचा पाऊस. यात दया आहे हे मान्य, पण ती त्या एका कासवापुरती, तलावात आधीपासून राहणाऱ्यांचं काय?

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं ते छोटं कासव घ्या. मूळचं मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. विकताना नाण्याएवढं असतं, पुढे ताटाएवढं होतं आणि वीसतीस वर्षं जगतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. मग कंटाळा आला की तलाव आहेच. तिथे ऊन खायला दगड-ओंडके मोजकेच, त्यावर हे दांडगं बसतं आणि मूळची कासवं बाजूला सरकतात. युरोपियन युनियनने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली तर व्यापाऱ्यांनी त्याच्याच भाऊबंदातली दुसरी कासवं विकायला काढली! म्हणजे एका जातीवर बंदी घालून भागत नाही.

जलपर्णीचंही तेच, जांभळ्या फुलांसाठी लोकांनी हौसेने दक्षिण अमेरिकेतून जगभर नेली. एका रोपाला आडवे फुटवे येतात, प्रत्येक टोकाला नवं रोप, बघताबघता पाणी झाकतं, खाली ऊन जात नाही, ऑक्सिजन कमी होतो, मासे मरतात. मशीन लावून काढली तरी चिखलातलं बी पंधरावीस वर्षंसुद्धा टिकतं त्यामुळे काम संपतच नाही. (उद्घाटनाचे फोटो मात्र दरवर्षी नवे.)

बाहेरचं सगळंच वाईट असं मी म्हणत नाहीये, आपली कितीतरी पिकं बाहेरूनच आलीत. पण जे आवरत नाही त्याची किंमत मोठी आहे. जैवविविधतेवर काम करणाऱ्या आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार नामशेष झालेल्या प्राणी-वनस्पतींपैकी ६० टक्के प्रकरणांत अशा बाहेरून येऊन बेफाम पसरणाऱ्या, म्हणजे आक्रमक जातींचा हात आहे. आणि यात नुसते अडाणी लोक नाहीत हो, १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात उसावरचे भुंगे खायला विषारी बेडूक सोडले ते तज्ज्ञांनीच. भुंगे राहिले, बेडूक पसरले आणि त्यांना खाऊन तिथले क्वोल (मांजराएवढे मांसाहारी प्राणी) मरायला लागले.

एकदा पसरलं की काढणं जवळजवळ अशक्य, म्हणून अडवायचं ते दुकानातच. विकणाऱ्याने नको झालेला प्राणी परत घेतलाच पाहिजे, असा नियम हवा. किती मोठा होतो, किती वर्षं जगतो हे टँकवर लिहिलेलं हवं. तोवर निदान एवढं करा, टँकमधली झाडं उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाका, पाणी नाल्यात ओतू नका, आणि कासव सांभाळायला कोणी मिळत नसेल तर वनखात्याला किंवा प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा. तुमच्या पेपरने असं कुठे विचारायचं त्याचे नंबर छापले तर फार बरं होईल.

- एक वाचक