टेबलावरचा मीटर घेण्याआधी

मालवण

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. पहिला पाऊस लागला की इथे बंद पडलेल्या इन्व्हर्टरांची रांग लागते, तुला सांगायला नको.

पंधरा हजारांत टेबलावरचा एलसीआर मीटर, म्हणजे कॉइल, कंडेन्सर, रेझिस्टर मोजणारा, हवा म्हणतोस. तुझ्याकडे हर्णैला येणार ते बहुतेक सप्लाय गेलेले सेट. मग डिस्प्लेवर आकडे किती ते सोड, मीटर १०० किलोहर्ट्झवर मोजतो का तेवढं आधी विचार.

गेल्या वर्षी एका होडीच्या फिशफाइंडरने मला दोन दिवस नाचवलं. सप्लायमधला १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कंडेन्सर १०० हर्ट्झवर ९२ दाखवी, आणि डी, म्हणजे आतल्या तोट्याचा आकडा, ०.१२. पास! मी आपला आयसी बदलत बसलो. शेवटी १०० किलोहर्ट्झवर लावला तर ईएसआर, म्हणजे कंडेन्सरच्या आतला रेझिस्टन्स, दीड ओहम. नवा लावल्याबरोबर सेट चालू. कारण साधं आहे रे. १०० हर्ट्झला त्या कंडेन्सरचा स्वतःचाच अडथळा सतरा ओहमच्या आसपास, त्यात दीड ओहम कुठे दिसणार? १०० किलोहर्ट्झला तोच अडथळा सतरा मिलिओहमवर येतो, आणि लपलेला दीड ओहम उघडा पडतो. सप्लायही त्याच टापूत स्विच, म्हणजे चालू-बंद, होत असतो, म्हणजे त्रासही तिथलाच.

आता टेबलावरचाच हवा हा हट्ट. स्वस्तातले काही १० किलोहर्ट्झलाच थांबतात. त्यापेक्षा तैवानचा हातातला डीई-५००० घे: १०० आणि १२० हर्ट्झ, मग १, १० आणि १०० किलोहर्ट्झ. टेबलावर ठेवला की झाला टेबलावरचा! वायरी मात्र चार तारांच्या केल्व्हिन क्लिपच्या घे. दोन तारा करंट नेतात, दोन व्होल्टेज बघतात, म्हणून वायरीचा ओहम रिडिंगमध्ये घुसत नाही. आणि ओपन-शॉर्ट करेक्शन, म्हणजे क्लिपा आधी मोकळ्या ठेवून, मग एकमेकींना जोडून मीटरला वायरींचा हिशेब वजा करायला लावणं, ते केल्याशिवाय मोजू नकोस.

जुना मोठा मीटर मीही घेतला होता, मुंबईच्या एका दुकानदाराकडून. तिथे झकास चालला. इथल्या खाऱ्या हवेने दुसऱ्या पावसाळ्यात रेंजच्या स्विचचे कॉन्टॅक्ट खाल्ले, आता त्यावर चहाचा कप ठेवतो. तरी मोह झालाच, तर खिशात १ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीनचा फिल्म कंडेन्सर ने. १०० हर्ट्झ, १ आणि १० किलोहर्ट्झवर आकडा जवळपास तोच राहायला हवा, आणि १ किलोहर्ट्झला डी ०.००१ च्या आत. नाचला तर पैसे खिशातच ठेव.

आणि हो, कंडेन्सर मोजण्याआधी रेझिस्टर लावून रिकामा कर. २३० व्होल्टच्या सप्लायमध्ये मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी बसलेले असतात. मीटर तर जाईलच, वर तूही उडशील.

गणपतीला येशील तेव्हा माझा हातातला मीटर आठ दिवस घेऊन जा, वापरून बघ, मग ठरव. येताना थोडे सोडे आण. आईने दोनदा आठवण केलीय.

तुझा,
नाना