नाट्यगृहाच्या करारात तारखांचंही बोला

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

नाट्यगृहांच्या खासगी भागीदारीचा विषय निघाला की पुण्यात लगेच दोन तट पडतात. एकाला मॉल दिसतो, दुसऱ्याला स्वच्छ स्वच्छतागृहं. मी प्रायोगिक नाटकांचं बॅकस्टेज सांभाळतो. मला काळजी प्रयोगांना मिळणाऱ्या तारखांची.

भागीदारीला विरोध नाही. पुण्याचं नाटक निव्वळ सरकारच्या जिवावर कधी चाललंच नाही. भरत नाट्य मंदिरामागची संस्था १८९४ ची. सुदर्शन रंगमंच चालवतं ते महाराष्ट्र कल्चरल सेंटर. बेंगळुरूच्या रंगशंकरा नाट्यगृहाला जागा कर्नाटक सरकारने भाडेपट्ट्याने दिली, पैसा देणगीदारांनी, आणि कारभार ट्रस्टकडे. २००४ पासून तिथे नाटकच होतं. साखरपुडा नाही की सेल्स मीट नाही.

आपल्याकडे मात्र भागीदार म्हणजे बिल्डर, असं धरूनच बोलणं सुरू होतं. करारात चटईक्षेत्र, पार्किंग, गाळे सगळं इंचाइंचाने मोजलं जाईल. शनिवार-रविवारची रात्र कुणाची, हे कोण लिहिणार? ज्याला गुंतवणूक वसूल करायची आहे तो गॅदरिंग, सत्कार आणि कंपन्यांचे सोहळेच आधी घेणार. त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही.

आमचं गणित सांगतो. रात्रीचा प्रयोग असला तरी सेटचा टेम्पो दुपारीच लागतो. लाइट टांगायचे, फोकस करायचे, एक धावती तालीम. म्हणजे भाडं दोन सत्रांचं, गल्ला एकाचा. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, हे खरं. पण आमचं तिकीट पाचशेच्या जवळ न्यायची छाती कुणाची आहे?

त्यात देखभालीची बोंब. एका नाट्यगृहात ऐन दुसऱ्या अंकात डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणारी यंत्रणा, बंद पडले. उरलेलं नाटक आम्ही दोन जनरल लाइटवर काढलं. दिग्दर्शकाची कल्पना समजून लोकांनी दादही दिली, तो भाग वेगळा.

२०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्चायचा, पैसा कला-संस्कृतीला देता येतो. चाकण-हिंजवडीत कंपन्या कमी नाहीत. पण दात्याला नावाची पाटी लागते, आणि दुरुस्त केलेल्या डिमरवर पाटी कोण लावणार? म्हणून तंत्रज्ञांच्या पगाराला आणि देखभालीला कंपनी जेवढे देईल तेवढेच शासनाने घालावेत. खर्च नाट्यसंस्थांच्या ट्रस्टने करावा आणि हिशेब दरवर्षी जाहीर करावा.

बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं. ते पाडून नवं संकुल बांधायचा प्रस्ताव मधूनमधून डोकं वर काढतो. तिथे असो वा आणखी कुठे, निविदेआधी कराराचा मसुदा मराठीतून लोकांपुढे ठेवा. महिन्यातले किमान दोन शनिवार-रविवार नाटकांना राखीव, तालमीच्या सत्राला निम्मं भाडं आणि यंत्रणा बंद पडल्यास चालकाला दंड, एवढी कलमं त्यात हवीत. बाकीचं बसून ठरवू.

बैठक पुण्यात लावलीत तर शनिवार-रविवार तेवढे टाळा. आमचे प्रयोग असतात.

आपला,
एक रंगकर्मी, पुणे