ताई, तुमच्या त्या यादीबद्दल

प्रिय ताई,

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत) अर्धवेळ गणित शिकवायला लागलेल्या आम्हा मराठी मंडळींकडून, नव्या शिक्षकांसाठी तुम्ही दिलेल्या सल्ल्यांच्या यादीबद्दल हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे सांगितलंत ते कुठल्याच नेमणूकपत्रात नसतं.

भारतातली एम.एस्सी. अमेरिकेतल्या कुठल्या पदवीच्या तोडीची, याचं मूल्यांकन अर्ज करायच्या आधी करून घ्या, हे तुमचं पहिलं सांगणं. विद्यापीठाकडून गुणपत्रिका यायलाच महिने जातात आणि मूल्यांकन नसलेला अर्ज छाननीतच बाजूला पडतो. पदवीचा विषय जाहिरातीतल्या विषयाशी जुळत नसेल, तर ‘इक्विव्हॅलन्सी’चा, म्हणजे आपली पात्रता त्याच तोडीची आहे हे दाखवणारा, फॉर्म त्याच अर्जाला जोडायचा. क्षयरोगाची चाचणी आणि बोटांचे ठसे नेमणुकीचा शब्द मिळाला की लगेच.

पगाराचं गणितही तुम्हीच उलगडलंत. एका डिस्ट्रिक्टमध्ये (एकाच मंडळाखालच्या कॉलेजांत) अर्धवेळ शिक्षकाला पूर्णवेळ शिक्षकाच्या भाराच्या ६७ टक्क्यांपर्यंतच काम देता येतं. पूर्ण भार १५ युनिटांचा (श्रेयांकांचा) धरला तर ४ युनिटांचे दोनच वर्ग बसतात, तिसरा घेतला की मर्यादा ओलांडते. म्हणून दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्येही अर्ज ठेवावा लागतो.

सगळ्यात मोठे उपकार मात्र ‘सेन्सस’च्या तारखेचे. सत्राचा साधारण पाचवा हिस्सा सरला की हजेरीपटावरच्या संख्येवरून कॉलेजच्या निधीचा मोठा भाग ठरतो; त्या मोजणीचा दिवस म्हणजे सेन्सस. एकदाही न आलेल्या विद्यार्थ्याचं नाव त्याआधी शिक्षकानेच काढायचं असतं. नवा शिक्षक दयेपोटी थांबतो, ‘येईल उद्या’ म्हणतो. पण तारीख उलटली की त्या मुलाच्या गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ (वर्ग सोडला) किंवा ‘एफ’ (नापास) उमटतो आणि मिळालेली आर्थिक मदत परत करायची वेळही येऊ शकते. पहिल्या आठवड्यात ईमेल, दुसऱ्यात फोन, तरी उत्तर नाही तर नाव कमी: तुमचा हा क्रम आम्ही जसाच्या तसा पाळतो.

वर्गाबद्दल तुम्ही थोडंच बोललात, पण नेमकं. एबी ७०५ या कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या कायद्यानंतर बहुतेक मुलं आधीचे पायाभूत वर्ग न करता थेट विद्यापीठात ग्राह्य धरल्या जाणाऱ्या गणिताच्या वर्गात बसतात. कुणी बीजगणित दहा वर्षांपूर्वी सोडलेलं असतं. म्हणून पहिले दोन आठवडे अपूर्णांकांची उजळणी करत बसायचं नाही. संभाव्यता शिकवायच्या दिवशीच, आधीची दहा मिनिटं, तेवढ्याच कामाचे अपूर्णांक. गरज समोर दिसत असली की ते लक्षात राहतात. ३ युनिटांच्या वर्गाला घरचा अभ्यास आठवड्याला ६ तासांचा. गृहपाठ आपल्याला २० मिनिटांत सुटला तर मुलांना तासभर लागणार, हे धरूनच तो द्यायचा.

आणि मे महिन्यातला तो सल्ला! पुढच्या सत्राचा वर्ग कागदावर मिळाला तरी पुरेशी मुलं नसली तर तो रद्द होतो. म्हणजे कामाची खात्री नसते, त्यामुळे ‘सेरव्हिसी’ खटल्यातल्या कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाच्या १९८९ च्या निकालानुसार सुट्टीत बेकारी भत्त्यासाठी अर्ज करता येतो. हे माहीत नसल्याने किती जण उन्हाळाभर विनापगार काढतात.

येत्या ऑगस्टमध्ये नवे शिक्षक येतील. सेन्ससच्या नव्या तारखा घालून तुमची यादी त्यांच्या हाती देऊ.

तुमचेच,
अर्धवेळ शिकवणारे आम्ही