गाडी एनवर टाकू नकोस, दिन्या

नेरुळ,
सोमवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय दिन्या,

काल गाडीत मी काही बोललो नाही, कारण मागे वहिनी बसल्या होत्या आणि नवी ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्या माणसाला बायकोसमोर शहाणपण शिकवू नये एवढी अक्कल मला पन्नाशीत आली आहे. पण गायमुखचा घाट उतरताना तू ज्या सहजतेने गिअरचा दांडा पुढे ढकलून एनवर, म्हणजे न्यूट्रलवर, टाकलास आणि माझ्याकडे बघून डोळा मारलास, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मागे डंपर, पुढे खड्डे चुकवत नागमोडी चाललेला टेम्पो, आणि आपली गाडी मोकाट. तू म्हणालास, "बघ, फुकटात चाललीय."

फुकटात नाही चालली रे. आणि गंमत म्हणजे ही खोड तुला मीच लावली.

आठवतंय? बाबांची फियाट. स्टिअरिंगच्या बाजूचा गिअर, एका बोटाने न्यूट्रल व्हायचा. कसारा उतरताना बाबा न्यूट्रल करायचे, आणि मनात आलं तर चावी फिरवून इंजिनही बंद करायचे. सगळा घाट नुसता वाऱ्याचा आवाज. कॉलेजात असताना मी तीच युक्ती तुला मोठ्या ऐटीत शिकवली. त्या गाडीला कार्ब्युरेटर होता, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारं साधं यंत्र. गिअरमध्ये उतरलं की चाकं इंजिनाला जोरात फिरवणार, आणि इंजिन फिरतंय म्हटल्यावर कार्ब्युरेटर थोडंफार पेट्रोल सोडतच राहणार. त्याला कुठे कळतंय की गाडी उतारावर आहे! तेव्हा बाबांचा हिशोब चुकीचा नव्हता. ब्रेक तापायचे ती गोष्ट वेगळी.

2000 च्या आसपास प्रदूषणाचे नियम आले, कार्ब्युरेटर गेले, कंप्युटरच्या हुकमावर पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं, आणि हिशोब उलटा झाला. तुझी गाडी डीमध्ये, म्हणजे गिअरमध्ये, असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलास, की कंप्युटर ओळखतो: चाकंच इंजिनाला फिरवतायत, मग पेट्रोल कशाला? तो इंजेक्टर बंद करतो. कमी नाही, बंद. इंजिनाचे मिनिटाचे फेरे साधारण हजार-बाराशेच्या खाली आले, की इंजिन बंद पडू नये म्हणून पुन्हा सुरू करतो. एनवर टाकलंस की चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच तुटतो. मग इंजिनाला जिवंत राहायला स्वतःचं पेट्रोल प्यावं लागतं, तासाला पाऊण लिटरच्या आसपास. म्हणजे दोन मिनिटांच्या उतारावर वीस-पंचवीस मिली, दोन-अडीच रुपये. तू काल वाचवले नाहीस, उधळलेस. (रक्कम ऐकून हसू नकोस. तूच परवा पार्किंगचे वीस रुपये वाचवायला अर्धा किलोमीटर चालवलंस मला.)

हे पुस्तकी वाटेल म्हणून सांगतो, मी स्वतः बघितलंय. रात्री अकराला उरण फाट्याच्या फ्लायओव्हरवरून उतरताना पन्नासचा वेग, डीमध्ये, पाय काढलेला. मीटरवर त्या क्षणाचा ॲव्हरेज लिटरला 99.9 किलोमीटर, म्हणजे त्याला त्याच्यापुढे आकडाच दाखवता येत नाही. वळसा घालून पुन्हा त्याच जागी आलो आणि एनवर टाकलं. आकडा सत्तरच्या घरात. तुझ्या गाडीतही तो आकडा आहे, स्टिअरिंगवरचं बटण दाबत राहा, सापडेल.

आता तुझ्या बाजूनेही बोलतो. पाम बीचसारख्या सपाट रस्त्यावर गिअरमधली गाडी लवकर मंदावते आणि न्यूट्रलमधली लांबवर वाहत जाते, हे खरं. तिथे थोडं वाचतही असेल. काही महागड्या गाड्या हे आपणहून करतात. पण तिथे गिअर कधी सोडायचा आणि कधी धरायचा हे गाडी ठरवते, माझ्या-तुझ्यासारखा वडापाव खाता खाता दांडा ढकलणारा नाही.

आणि माझं काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही, लाज वाटली म्हणून. दोन वर्षांपूर्वी मुंब्रा बायपास उतरत होतो, एनवर. खाली आल्यावर मागून ट्रेलरने हॉर्न लावला, मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं, गाडी ढिम्म. एनवर आहे हे लक्षात आलं आणि पाय तसाच दाबलेला ठेवून दांडा डीवर ओढला. असा दणका बसला की डॅशबोर्डवरचा गणपती माझ्या मांडीवर. त्यानंतर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना गाडी थरथरायला लागली. तुर्भ्याच्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडला आणि एक काळी पडलेली पातळ चकती माझ्या हातावर ठेवली. जळक्या तेलाचा वास येत होता. "साहेब, हा क्लच. आत असे बरेच असतात." मग तेलाने माखलेल्या बोटाने त्याने टेबलावर चित्र काढलं: आतलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन मंद, की तेलाचा दाबही मंद, आणि चाकांकडची बाजू मात्र साठच्या वेगाने फिरतेय. म्हणूनच ऑटोमॅटिक गाडी बंद पडली की ओढत नेत नाहीत, ट्रकवर चढवून नेतात. बिल पाच आकडी झालं. घरी अजून तीन आकडी माहीत आहे.

बाबांसारखी चावी फिरवायचा विचार तर स्वप्नातही आणू नकोस. तो पंपही थांबेल, पॉवर स्टिअरिंग जाईल, आणि ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा होईल.

पुढच्या महिन्यात तू एक्स्प्रेसवेने लोणावळ्याला जाणार आहेस, म्हणून हे पत्र आजच. येताना बोरघाटात दांडा मॅन्युअलवर घे आणि खालच्या गिअरला उतर. इंजिनाचा आवाज वाढेल, वाढू दे. गाडी त्याच्यावरच अडून राहते, ब्रेक थंड राहतात. तिथे ब्रेक निकामी होऊन जे ट्रक पुढच्यांना चिरडतात, त्यांतले कितीतरी डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरत असतात.

पेट्रोल वाचवायचंच असेल तर तीन हात नाक्याचा लाल सिग्नल लांबून दिसला की तिथूनच पाय काढ. तू शेवटच्या क्षणापर्यंत रेस देतोस आणि मग कचकन ब्रेक मारतोस. आणि टायरमध्ये हवा भर, काल डावीकडचं मागचं बसलेलं दिसलं.

पटत नसेल तर रविवारी ये. उरण फाट्यावर दोघं मिळून मीटर बघू. हरेल त्याने मामलेदारची मिसळ द्यायची, पावांसकट.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
संज्या

ता. क. बाबांना फोनवर हे सगळं समजावलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "उतारावर पेट्रोल लागतच नाही, मग मी वेगळं काय सांगत होतो?"